चाळीस पावलं चुकलेला ब्रेकर

मी गतिरोधक बोलतोय. तुम्ही मला ब्रेकर म्हणता. शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घ्या, मला सवय आहे. पण मग दोन मिनिटं माझंही ऐका.

तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं एक वस्ती आहे, तिथं भर दुपारी माझा जन्म झाला. डांबर-खडीचा डंपर आला, मागून रोलर आला. साहेबांच्या हातात नकाशा होता. त्यात बसथांबा दाखवलेला, म्हणून थांब्याच्या शेडसमोर टेप धरला आणि मला तिथं ओतलं. वस्तीतली माणसं ओट्यावर बसून बघत होती. त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

अंगावर पांढरे पट्टे ओढले तेव्हा मला काय मिरवावंसं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी एसटी आली. माझ्यावरून हळूच उतरली, शेडला न थांबता तशीच पुढं गेली आणि चाळीस पावलांवर चिंचेखाली थांबली. शेडमध्ये कुणीतरी म्हशीचा कडबा भरून ठेवलाय. त्यामुळे एसटी वर्षानुवर्षं चिंचेखालीच थांबते, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नकाशाला नव्हतं.

माझं दुखणं इथंच सुरू झालं. गाड्या माझ्यापाशी हळू होतात, पण मला ओलांडलं की ड्रायव्हर चिडून वेग वाढवतो. चिंचेपाशी पोचेपर्यंत गाडी सुसाट, आणि तिथंच एसटीतून उतरलेली माणसं रस्ता ओलांडत असतात. म्हणजे ज्यांना जपायला मला आणलं, त्यांच्याच अंगावर मी गाड्या सोडतो. मला ओरडता येत नाही, सरकता येत नाही. पोट रस्त्याला कायमचं चिकटलेलं. दिवाळीनंतर म्हातारा गेणबा तिथं गाडीखाली सापडला, त्याचा पाय मोडला. मी नुसता पडून बघत राहिलो. फार लाज वाटली.

मग साहेब चौकशीला आले. चिंचेखाली वस्ती गोळा झाली. बाजारात कोथिंबीर-मेथी विकून रोज एसटीनं परतणाऱ्या सरदारबी पुढं झाल्या.

"साहेब, ब्रेकर हितं चिंचंपाशी पायजे व्हता."

"मग तेव्हाच सांगायचं ना, मावशी!"

"तुमी इचारलं कवा?"

साहेबांनी चिंचेपाशी रस्त्यावर पांढऱ्या फक्कीची रेघ मारून घेतली. मग म्हणाले, "जुना काढून इथं नवा टाकू. पण सगळ्यांच्या सह्या लागतील."

सगळ्यांनी सह्या केल्या, पप्पू सोडून. त्याचा वडापावचा गाडा माझ्या शेजारीच असायचा. गाड्या हळू व्हायच्या, तळणाचा वास यायचा, गिऱ्हाईक उतरायचं.

"ब्रेकर गेला तर माझं पोट गेलं, चाची," तो म्हणाला.

खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. अख्ख्या रस्त्यावर मी हवाहवासा वाटणारा तेवढा एकच माणूस होता.

सरदारबी त्याला म्हणाल्या, "पप्पू, तुज्या गाड्याला चाकं हायती रं. त्या ब्रेकरला न्हाईत."

पप्पूनं मान खाली घातली आणि सही केली. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडा चिंचेखाली नेला.

याला चार महिने झाले. कागद कुठल्या टेबलावर अडकलाय, देव जाणे. चिंचेपाशी मारलेली फक्कीची रेघ कधीच पुसली. मी अजून इथंच, आणि माझ्यावरून उतरणारी प्रत्येक गाडी अजून तशीच उधळते.

फरक एवढाच झालाय, की एसटी आली की पप्पू कढई तशीच सोडतो आणि हातातला झारा उंच धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. झाऱ्यातून तेल ठिबकत असतं. गाड्या कचकन थांबतात, ड्रायव्हर त्याला शिव्या देतात. त्याच्यामागून माणसं रस्ता ओलांडतात. काल एक टेम्पो त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

साहेब, माझी एवढीच विनवणी आहे. घण आणा, मशीन आणा, पण मला लवकर फोडा. माझ्या कामावर तिथं एक जिवंत माणूस उभा आहे.