श्रावणातला ठसका

“कोनाच इस्वास बसाव नही,” असं आधीच बजावून नथ्थूआबानं भिलाच्या खळ्यात, लाल मिरच्यांच्या ढिगापुढं, ऐसपैस मांडी घातली. भिला समोर येऊन टेकला; त्याची बायको छबूबाई मिरच्यांची देठं खुडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. आबाला तेवढी परवानगी पुरत असे.

लढाईच्या काळातला श्रावण; आबा तेव्हा नुसता नथ्थू. कळसाडीच्या माळावर दोन माणसांचं इवलंसं विमान उतरलं. आतल्या साहेबाला नंदुरबार गाठायचं होतं, वाट चुकली होती आणि आभाळ भरून आलं होतं. वरून तापी दाखवणारा कोणीतरी हवा होता. सगळं गाव मागं सरलं आणि नथ्थू पुढं झाला. म्हणजे मागच्यांनी ढकललं म्हणून झाला, पण चढला मात्र स्वतःच्या पायांनी.

तापी दिसायच्या आधीच ढगांनी विमान गिळलं. कापसाच्या गंजीत तोंड खुपसावं तसं झालं. पावसाचे सपकारे काचेवर बसू लागले आणि साहेबापुढचे काटे एकेक करून दगा देऊ लागले. उंचीचा काटा जागच्या जागी गोठला. दिशेचा काटा घाण्याच्या बैलागत गरगरू लागला. साहेबानं एका काचेवर टिचकी मारली, दुसरीवर मारली, मग स्वतःच्या कपाळावर मारली.

नथ्थूनं वेगाच्या काट्याकडं बोट केलं. “हाऊ काय सांगस, साहेब?”

“आपण जागेवर थांबलोय, असं म्हणतोय.”

“मंग उतरू का मी?”

साहेब हसला नाही. तेव्हा नथ्थूनं बैठक दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“उत्तरेला सातपुडा आहे,” साहेब पुटपुटला. “चुकून तिकडं तोंड झालं तर ढगातच डोंगर लागेल. आणि मला आता उत्तर कुठं तेच कळत नाही.”

घरी बायकोला नथ्थू माळावरून येतो एवढंच सांगून निघाला होता. आणि डोळ्यांपुढं हे भलतंच! त्याच्या पटक्याचा शेव खांद्यावर लोंबायचा, तो नागासारखा वर उठून उभा राहिला होता.

“साहेब! मन्हा पटका वर जाई ऱ्हायना!”

“अरे, आपण खाली पडतोय!” साहेबानं दांडा असा छातीशी ओढला की विमान कण्हलं. शेव हळूच खांद्यावर आला. पण जायचं कुठं?

आणि तेवढ्यात नथ्थूला ठसका लागला. मग साहेबाला. मग इंजिनालाही लागला, ते तीनदा खोकलं.

“नंदुरबार!” डोळे पुशीत नथ्थू ओरडला. “मिरच्यास्न्या पथाऱ्या! कोसभर वाळत पडेल शेतीस. ठसका वाढी तिकडे चाला!”

काटे गेले खड्ड्यात. साहेब नाकानं विमान हाकू लागला. ठसका कमी झाला की वळायचं, वाढला की सरळ जायचं. दोघांचा जीव कासावीस झाला तेव्हा नथ्थूनं हात खाली केला. विमान ढग फाडून उतरलं, तर खाली लालभडक गालिचा! चाकं मिरच्यांवर टेकली, असा लाल धुराळा उडाला की अख्खं नंदुरबार खोकत बाहेर आलं, आणि साहेबानं रडत रडत नथ्थूला मिठी मारली.

“बापरे!” भिलानं आ वासला होता. “मरत मरत वाचनात, आबा.”

छबूबाईनं हातातली मिरची ढिगावर टाकली.

“आबा, महिना कोनता व्हता म्हनात?”

“श्रावण. सांगं व्हतं ना आधीच.”

“श्रावणमा मिरचीना झाडले फूलबी नही ऱ्हास. आनि धो धो पाऊसमा उघड्यावर मिरच्या कोन वाळत घालस, तुमना साहेब?”