ओढा, कालवा आणि मी

मित्रांनो, मी जालना जिल्ह्याचा जुना कागदी नकाशा. १९८१ साली आपला जिल्हा नवा झाला, त्याच वर्षी मी छापला गेलो. नद्या निळ्या, रस्ते तांबडे आणि गावांची नावे इतकी बारीक, की माझ्या मालकांना, मार्तंडरावांना, चष्मा लावावा लागे.

मार्तंडराव जालन्याच्या एका बियाणे कंपनीत होते. मोटारसायकलच्या पिशवीत, कपाशीच्या बियाण्याशेजारी माझी जागा होती. आम्ही वर्षानुवर्षे गावोगाव फिरलो. शहागडच्या टपरीवर ट्रकवालेही मला पसरून पाहत. "एकदम बराबर दाखवतो हा!" असे कुणी म्हणाले, की मला केवढा अभिमान वाटे!

पुढे मार्तंडराव निवृत्त झाले. त्यांची मुलगी शरयू डॉक्टर झाली, तिने मोटार घेतली आणि मी त्या मोटारीत आलो. २००८ साली तिने गाडीच्या काचेवर एक लहानसे यंत्र बसवले. उपग्रहांच्या मदतीने ते रस्ता सांगे, तेही बोलून! मी सीटखाली गेलो. खरे सांगतो, फार वाईट वाटले.

त्या सप्टेंबरात एका दुपारी कुंभार पिंपळगावजवळच्या वस्तीवरून रामकिसन नावाच्या माणसाचा फोन आला. त्याच्या बायकोचे, दुर्गाबाईंचे, बाळंतपण अडले होते.

"डॉक्टरबाई, जल्दी या! वढ्याला पूर आला, जीप पल्याड जाईना. तिला बिलकुल सोसवंना!"

शरयू वडिलांना घेऊन निघाली. यंत्राने त्यांना ओढ्यापर्यंत अचूक नेले. पुढे रस्ता पाण्याखाली होता, पण यंत्र म्हणतच राहिले, "सरळ जा." दुसरा रस्ता विचारला, तर त्याने भलामोठा वळसा दाखवला.

"बाबा, तेवढा वेळ नाही तिच्याकडे," शरयू म्हणाली.

मार्तंडरावांनी मला सीटखालून काढले आणि बॉनेटवर पसरले. "हे बघ. यंत्रात नुसते रस्ते आहेत. ह्यात कालवासुद्धा आहे. तो इथे ओढ्याच्या वरून नेलाय. कालव्याच्या कडेने जीप जाईल एवढी वाट असतेच."

"अन् ती खचली असेल तर?"

"मग चालत जाऊ. पण जाऊ."

गाडी कालव्याच्या भरावावर चढली. एकदा घसरली, सावरली आणि ओढा ओलांडून वस्तीवर पोहोचली. बाळाच्या गळ्याभोवती नाळ अडकली होती. शरयूने ती सोडवली. बाळ रडले, तेव्हा दारात उभा असलेला रामकिसनही रडू लागला.

दुर्गाबाईंचा रक्तस्राव मात्र थांबेना. त्यांना जालन्याला नेणे भाग होते. परतताना, कालवा मागे पडल्यावर, यंत्राने एक जवळचा नवा रस्ता दाखवला. तो माझ्या छपाईनंतर झालेला. मला ठाऊकच नव्हता! दुर्गाबाई वाचल्या आणि माझा यंत्रावरचा राग त्याच दिवशी गेला.

आठवड्याभरात शरयूने मला जालन्याच्या मस्तगड भागातल्या साहेबराव बाइंडरकडे नेले. "ह्याला मागून कापड लावा. आता हा रोज गाडीत माझ्या हाताशी राहणार."

साहेबरावांनी खळ कालवली, पण लगेच लावली नाही. आधी माझ्यावरून बोट फिरवत राहिले. एका जागी थांबून हसले. "हे आमचं गाव. छापल्यालं पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

मित्रांनो, यंत्र जरूर वापरा, ते माझे सोबती आहे. पण माझ्यासारखा एखादा नकाशा तुमच्याही घरात असेल. त्यावर चहाचा कप ठेवू नका, ओल्या हातांनी त्याला धरू नका. कधीतरी त्याला जमिनीवर पसरा, भोवती सगळे बसा आणि आपले गाव शोधा.