मनीचं दूध

मनीला मनी म्हणायचे ते तिच्या दुधाच्या वेडापायी. सव्वातीन वर्षांची पोर, पण पेला दिसला की दोन्ही हातांनी ओढून घ्यायची आणि पांढऱ्या मिश्या पुसायच्या आधीच "अजून" म्हणायची. तिची आई जन्मापासून शाकाहारी. लेकीलाही तसंच वाढवायचं हे तिनं लग्नाआधीच नवऱ्याला सांगून टाकलं होतं. त्यामुळे मनीनं जेवणापासून तोंड फिरवलं, तरी दूध पोटात जातंय एवढाच तिला आधार होता.

आई लहान मुलांच्या बुटांच्या दुकानात कामाला होती. गेल्या वर्षीचे बूट आखूड झाले म्हणून पोरं नाचत यायची, ती हसत हसत त्यांच्या पावलांची मापं घ्यायची. मनीच्या पायात मात्र अजून गेल्या वर्षीचेच बूट नीट बसत होते. पोरगी पांढुरकी दिसायला लागली होती, जिना चढताना मध्येच बसकण मारायची. मोठ्या पावलाचं पोर समोर आलं की आई त्याचं वय विचारायची.

एक दिवस पाळणाघरातल्या बाईंचा फोन आला. "तुम्हाला वाईट वाटेल, पण मनी कुंडीतली माती खाते. दोनदा हात धुतले, पुन्हा तेच."

संध्याकाळी सासूबाईंनी तोंड सोडलं. "मी बोलले की मीच वाईट! अगं, पोरीच्या अंगात रक्त उरलं नाही. तुझा हट्ट तुझ्यापाशी ठेव ना, त्या लेकराला कशाला?"

नवरा वायरमन, घरातल्या भांडणात हात घालायला भ्यायचा. "डॉक्टरांना दाखवू," एवढंच पुटपुटला.

सासूबाईंचं खरं असलं तर? दुसऱ्या दिवशी कामावरून येताना आईनं अंडी आणली. पातेल्यात पाणी ठेवलं, उकळू दिलं आणि अंडी न टाकताच गॅस बंद केला. अंडी शेवटी नवऱ्यानंच खाल्ली.

मनीचं रक्त तपासायला दिलं. डॉक्टरीणबाईंकडे दोघी सासवासुना गेल्या. एकीला दुसरीवर भरवसा नव्हता. रिपोर्ट वाचून बाई म्हणाल्या, "लोह फार कमी झालंय. माती खावीशी वाटते ती त्यामुळेच."

आईनं खुर्ची पुढे ओढली. "मी तिला मांस देत नाही म्हणून?"

"थांबा. दिवसभरात काय काय पोटात जातं?"

"जेवत नाही हो धड. दूध मात्र पिते. चार पेले तरी."

सासूबाई पदराशी चाळा करू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "दुपारी पाळणाघरातून आणलं की दोन मी देते. वेगळे. ही कामावर असते तेव्हा."

"आई! मला बोलला नाहीत कधी!"

"तू अर्धपोटी ठेवतेस असं वाटायचं मला."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अहो, मग भूक उरणार कुठून? दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि इतकं दूध प्यायलं की बाकीच्या अन्नातलंही अंगी लागत नाही. शाकाहारी वाढवा की खुशाल, पण लक्ष ठेवून. दूध दोन छोट्या पेल्यांवर आणा. डाळी, राजमा, पालेभाजी, वर लिंबू पिळून. आणि हे औषध."

पुढचे दिवस कठीण गेले. मनी पेल्यासाठी जमिनीवर लोळायची. पहिल्या दिवशी ती अन्नाला शिवलीही नाही. आईचा जीव टांगणीला लागला. हात दुधाच्या पातेल्याकडे गेला, तसं सासूबाईंनी पातेलं उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. "रडू दे. मलाही ऐकवत नाही, पण रडू दे."

तिसऱ्या दिवशी रात्री मनीनं आजीच्या ताटातला राजमा उचलला, चावला आणि दुसरा उचलला. दोघींनी श्वास रोखला. कौतुक केलं तर थांबेल, या भीतीनं कोणी तिच्याकडे बघेना.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा आकडा बराच वर आला होता. माती सुटली होती. आईला दवाखान्याच्या पायऱ्यांवरच रडू आलं. सासूबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग मनी हसली, आणि त्या ओरडल्याच, "अगं, हिचे दात बघ! काळे पडलेत!"

"औषधानं पडतात, आई. घासले की निघतात म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"नक्की?"

"नक्की," आई म्हणाली, आणि विचारून घ्यायला पुन्हा आत गेली.