बोटांवरचे घट्टे

जीवराम नानांनी एकदा 'नाही' म्हटलं, की यावलच्या आजूबाजूच्या दहा गावांत ती सोयरीक मोडलीच म्हणून समजायची. कोणाच्याही मुलीला स्थळ आलं, की लोक आधी नानांच्या ओट्यावर येऊन बसायचे. मग नाना टोपी झटकायचे, पहिली एसटी पकडायचे आणि मुलाच्या गावी जाऊन पानवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना बोलतं करायचे. माणूस महासंशयी. कोणी मुलाची फार स्तुती केली, तर हा का एवढी करतो म्हणून त्याचीच चौकशी करतील!

त्यांच्या दोन गोष्टी ठरलेल्या. पहिली, मुलाचे हात बघायचे. ज्योतिषासारखे नव्हे हो, शेतकऱ्यासारखे. घट्टे कुठे आहेत आणि कुठे नाहीत, यावरून माणूस कळतो, असं ते म्हणायचे. दुसरी, जिथे नकार द्यायचा तिथला चहा घ्यायचा नाही.

एकोणनव्वदच्या जानेवारीत ही चौकशी त्यांच्या स्वतःच्या मुलीसाठी होती. कुमुद जळगावला नानांच्या बहिणीकडे, सुनंदाबाईंकडे राहून बी.एस्सी. करत होती. एकुलती एक. पहूरच्या तोताराम आबांकडून मागणी आली होती. त्यांचा मुलगा अभिमन धुळ्याला पाटबंधारे खात्यात इंजिनियर. चुडामण नावाचे नात्यातले गृहस्थ मध्ये होते. घर चांगलं, मुलगा शिकलेला, आणि मागणी आपण होऊन आलेली. इथेच नानांच्या मनात पाल चुकचुकली. असं सोन्यासारखं स्थळ आपल्या दारात आपण होऊन येतं कसं? कुठेतरी पाणी मुरतंय.

धुळ्याला उतरल्यावर तासाभरात पाणी कुठे मुरतंय ते सापडलं. कोपऱ्यावरचा पानवाला सहज म्हणाला, "साहेब चांगले आहेत. गिटार वाजवतात."

नानांचे कान टवकारले. गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रा म्हणजे लग्नाच्या मांडवात केस वाढवून नाचणारी पोरं. ती पोरं म्हणजे बाटली. पानाला चुना लावून होईपर्यंत नानांनी मनातल्या मनात अभिमनला पार गटारात पाडला होता.

भाच्यासाठी खोली बघतोय, अशी थाप मारून ते अभिमनच्या घरमालकिणीकडे गेले. धुरपदाबाई बोलक्या होत्या.

"पोऱ्या चांगला शे, भाऊ. दारू नही, तमाखू नही. पन रोज सांजले ते गिटार हातमा लिसन बठस. तीन हप्ता झायात, एकच चाल वाजाडस. मना तर कान पिकी गयात!"

तेवढ्यात अभिमनच जेवायला घरी आला. चुडामणांनी फोटो दाखवला होता तसाच, सावळा, चष्मा लावलेला. केस मात्र बारीक कापलेले. नानांना ते जास्तच संशयास्पद वाटलं.

"गिटार वाजवता म्हणे?"

"शिकतोय," तो लाजून म्हणाला. "आत या ना. चहा टाकतो."

"चहा नको. ऑर्केस्ट्रात जाता?"

"छे हो! मला अजून चार गाणी धड येत नाहीत."

"मग वाजवता कोणासाठी?"

"कोणासाठीच नाही. बरं वाटतं."

कोणासाठीच नाही! नानांनी उभ्या आयुष्यात केळी कोणासाठी तरी लावली, कापूस कोणासाठी तरी वेचला. कोणासाठीच नाही असं काही माणूस रोज करतो होय? हा नक्की काहीतरी लपवतोय.

"हात बघू."

अभिमनने मुकाट्याने हात पुढे केले. डाव्या हाताची नखं पार मांसापर्यंत कापलेली, उजव्याची वाढलेली. आणि डाव्या बोटांच्या टोकांवर, जिथे कुदळीचा घट्टा कधीच पडत नाही तिथे, पिवळट टणक घट्टे. त्यांवर तारेच्या काळपट रेघा.

"तारा दाबून होतं असं," तो म्हणाला. "पहिले काही महिने बोटं फाटतात, रक्त येतं. मग घट्टे पडले की दुखत नाही. शिकणाऱ्या कोणाचीही बोटं बघा, अशीच असतात. लपवता येत नाहीत."

नाना चहा न घेताच उठले.

संध्याकाळी जळगावच्या स्टँडवर चुडामण वाट बघत उभे होते. नानांनी टोपीही न काढता निकाल दिला, "नाही. मुलाला नाद आहे. नादी घरात मी मुलगी देणार नाही. तोताराम आबांना आजच कळवा."

"नाना, एकदा मुलीला तरी विचारा."

"मुलीला काय विचारायचं? तिच्या मनातलं मला कळत नाही होय?"

चुडामण काहीतरी बोलणार होते. पण नानांपुढे कोण बोलणार? ते निमूटपणे पहूरच्या गाडीत चढले.

सुनंदाबाईंच्या घरी कुमुद ओसरीवर ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नाना शेजारी टेकले. धुळ्याचा फुफाटा अंगावर, पण मन खूश. मुलीला खड्ड्यातून वाचवलं म्हणून. त्यांनीही मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलता सोलता सहज तिच्या हातांकडे बघितलं.

उजव्या अंगठ्याच्या लांब नखाने ती शेंग फोडत होती. डाव्या हाताची नखं मांसापर्यंत कापलेली.

नानांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हात बघू तुझा."

कुमुदने हात मागे घेतला. नानांनी मनगट धरून पुढे ओढला. चारी बोटांवर तसेच टणक घट्टे. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला याच बोटांना पट्ट्या होत्या, आणि 'प्रॅक्टिकलला अ‍ॅसिड उडालं' एवढ्यावर जगाची झडती घेणारा हा बाप गप्प बसला होता.

"तू त्याला ओळखतेस!" नाना ओरडले. "म्हणून आली मागणी!"

"कोणाला?"

"त्या धुळ्याच्या!"

"नाना, त्याचा फोटोसुद्धा मी तुमच्याच हातात बघितला."

आवाज ऐकून सुनंदाबाई बाहेर आल्या. "तिच्यावर ओरडू नको, भाऊ. मी तुले सांगते. दोन वर्षं झाली. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एक बाई शिकवायच्या. बदली झाली तेव्हा स्वतःची गिटार हिला देऊन गेल्या. धान्याच्या कोठीमागे ठेवते. रोज तासभर वाजवते."

"आणि कोणाला ठाऊक आहे हे?"

"साऱ्या गल्लीला. तोताराम आबालाही. तो आला होता ना चौकशीला. गिरणीवाल्याने सांगितलं म्हणून घरात येऊन बसला, चहा घेतला, हिचं वाजवणं ऐकलं. म्हणाला, 'आमचा पोरगा एकटाच तुणतुण करत बसतो. हिला तरी आमच्या घरात गिटार लपवावी लागणार नाही.' दुसऱ्या दिवशी मागणी आली."

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहूरचा माणूस एका चहात जे बघून गेला, ते बापाला दोन वर्षांत दिसलं नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असता?" कुमुदने विचारलं.

नाना काय म्हणाले असते, ते तासाभरापूर्वीच स्टँडवर म्हणून झालं होतं.

"मी नकार कळवला त्यांना," ते खाली बघत म्हणाले. "नाद आहे म्हणून."

कुमुदचे हात थांबले. मग तिने सुपातली टरफलं गोळा केली. "बरं," म्हणाली आणि आत गेली. ती रडली असती, भांडली असती तर नानांना सोसलं असतं. त्या 'बरं'ने त्यांना रात्री घास गेला नाही.

सकाळी ते पहूरला तोताराम आबांच्या दारात उभे होते. आजवर दिलेला नकार त्यांनी कधी मागे घेतला नव्हता.

आबा ओट्यावरून उठले नाहीत. "नाना, तुमचा निरोप मिळाला. चौकशीत मुलगा उतरला नाही म्हणे."

"चौकशी अर्धी राहिली होती, आबा."

"आता आणखी कोणाची राहिली?"

"माझ्या घराची," नाना म्हणाले. मग ते ओट्याच्या कडेला टेकले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "चहा मिळेल का मला?"