पाचवा तुकडा

मी परंड्याच्या स्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर बोलतोय. अधूनमधून अडकतो, म्हणून मालक मल्लिनाथ मला म्हातारा म्हणतो. म्हणू दे. जुन्या कॅसेटी उतरवून घ्यायची वायर अजून माझ्याच पाठीला बसते, त्या नव्या चपट्या लॅपटॉपला नाही!

लग्नाची कॅसेट जेवढी लांब, तेवढाच वेळ ती उतरायला लागतो. मध्येच लाईट जाते, फीत अडकते आणि एका लग्नाचे पाच-सहा तुकडे होतात. ते ओळीने जोडून मोबाईलवर चालेल असं एक अखंड लग्न करून द्यायचं, हे माझं काम. मला ते मनापासून आवडतं.

फेब्रुवारीत सोनारीच्या धुरपदाबाई लेकीच्या लग्नाची बावीस वर्षांपूर्वीची कॅसेट घेऊन आल्या. त्या लग्नात त्यांचे यजमान आण्णासाहेब यांनी स्वतः मंगलाष्टका म्हटल्या होत्या. आण्णासाहेब आता नाहीत.

"पुढल्या आठवड्यात अर्पिताचं, माझ्या नातीचं लगीन हाय," त्या म्हणाल्या. "तिच्यावर अक्षदा ह्यांच्याच आवाजात पडाव्यात, एवढीच इच्छा हाय बघ."

"व्हय मावशी," मल्लिनाथ म्हणाला. पण लक्ष मोबाईलमध्ये.

सहा तुकडे उतरले आणि शेवटी फीत गुंतून तुटली. मल्लिनाथने तुकडे जोडले आणि सवयीने सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी टाकली. आमच्याकडे लग्नाची फिल्म म्हणजे मूळ आवाज बंद, हे ठरलेलंच. मग जागा करायला तो एकेक तुकडा पुसू लागला. चार गेले. पाचव्याला मी अडकलो. मुद्दाम अडकलो म्हणायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे मी तापलो होतो.

"मेला म्हातारा!" म्हणत त्याने मला बंद केलं.

धुरपदाबाई आल्या. मोबाईलवर आण्णासाहेबांचे ओठ हलत होते आणि गाणं वाजत होतं.

"गाणं ग्वाड हाय, पर ह्यांचा आवाज कुठं हाय रं?"

मल्लिनाथचा चेहराच उतरला. "मावशी, जरा बसा." माझं बटण इतक्या हळुवारपणे त्याने कधीच दाबलं नव्हतं.

पाचवा तुकडा जागेवर होता. खरखर होती, मागे कुणाचं तरी पोर रडत होतं, पण आण्णासाहेब खणखणीत म्हणत होते, "शुभमंगल सावधान!"

"व्हय, ह्योच," म्हणत धुरपदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. मल्लिनाथने गाणं काढून तेवढा भाग पुन्हा जोडून दिला.

काल अर्पिताच्या लग्नाचं शूटिंग माझ्यात उतरलं. मांडवात आण्णासाहेबांचा आवाज घुमतोय आणि धुरपदाबाई नातीवर अक्षता टाकतायत. मल्लिनाथने सवयीने गाण्यांची यादी उघडली. थोडा वेळ बघितली आणि बंद केली.

माझे दिवस आता थोडेच उरलेत, त्याचं दुःख नाही. काम चांगलं झालं. फक्त पुसण्याआधी एकदा आवाज ऐकत जा, एवढंच मागणं. पाचवा तुकडा अजून माझ्यापाशी आहे. तो पुसायला कुणी आलंच, तर मी पुन्हा अडकेन आणि या वेळी मुद्दाम.