मेहुण्याचा कान

माझा मेहुणा प्लंबर आहे. बायकोचा धाकटा भाऊ, वय सत्तेचाळीस. एके दिवशी तो आमच्या दिवाणखान्यात उभा राहून म्हणाला, "दाजी, मला संगीताच्या परीक्षेला बसायचंय. लेखी आणि कानाची, दोन्ही. त्याशिवाय गायकवृंदात घेत नाहीत."

मी तीस वर्षं हेच शिकवतोय. गाढवं पुष्कळ पाहिली. पण हे घरचं, दारातून हाकलताही येईना.

"शिकवा हो," बायको म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

आठवड्यातून दोनदा तो कामावरून तसाच यायचा. वहीतल्या पाच रेघांवर स्वर असे काढायचा, की जणू भिंतीत खिळे ठोकलेत. शार्पच्या आडव्या-उभ्या रेघांच्या खुणेला 'मोरीची जाळी' म्हणायचा.

"मेजर स्केलच्या आठ स्वरांत अर्धं अंतर कुठे येतं?"

"तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, नि सातव्या-आठव्याच्या. पाठ केलंय दाजी, कळलं नाहीये."

"तुझ्या डोक्याला तेवढंच झेपायचं," मी म्हणालो. तो हसला. अपमान कळायलाही थोडी अक्कल लागते.

कानाच्या सरावासाठी पुस्तकाबरोबर रेकॉर्डिंग होतं. दोन स्वर वाजायचे, त्यांच्यातलं अंतर ओळखायचं. उत्तरं मागच्या पानावर होती. ते पान मी जन्मात उघडलं नव्हतं. उत्तरं बघून शिकवायचं तर मास्तर कशाला हवा? खालचे स्वर तो बरे ओळखायचा. बासरीचे, व्हायोलिनचे वरचे स्वर आले की आमचं वाजायचं.

"सहावं," तो म्हणायचा.

"पाचवं! कान आहेत की गाळणी?"

मुकाट्यानं खोडून तो माझं उत्तर लिहायचा. आत बायकोला मी म्हणायचो, "तुझ्या माहेरी सगळ्यांच्या कानांत बोळे घातलेत का?" ती कूस बदलल्यासारखी मान वळवायची.

निकालाचा कागद घेऊन तो आला. लेखीत काठावर पास. कानाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी.

"बघ," मी म्हणालो. "दगडालाही शेंदूर लावला की देव होतो. लावणारा पाहिजे."

त्यानं बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दाजी, रागावू नका. परीक्षेत वरच्या स्वरांना मी तुमचं ऐकलं नाही."

"म्हणजे?"

"घरी जाऊन मागचं पान बघायचो. खालचं सगळं तुमच्याशी जुळायचं. वरचं जुळायचं नाही, माझं खोडलेलं जुळायचं. शेवटी ठरवलं, माझ्या कानाला वाटेल तेच लिहायचं."

"पुस्तक चुकलं असेल."

बायको खाली बघत म्हणाली, "दारावरची बेल वर्षभर तुम्हाला ऐकू येत नाहीये. मला वाटायचं, मुद्दाम उठत नाही."

तो गेल्यावर मी पुस्तक घेऊन बसलो. रेकॉर्डिंग लावलं, उत्तरं लिहिली आणि मागचं पान उघडलं. वरच्या वीसपैकी तेरा चूक. एखाद्या विद्यार्थ्याची असली वही मी दोन बोटांत धरून वर्गाला दाखवली असती.

कानाच्या डॉक्टरनं आलेख पुढे ठेवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग जिन्यावरून गडगडल्यासारखी खाली. "हे काल-परवाचं नाही," तो म्हणाला. "पाच-सहा वर्षं झाली असतील. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? सांगायला तोंड उघडलेल्या प्रत्येकाला मी बहिरा ठरवलं होतं. चार वर्षांपूर्वी एक मुलगी बासरी शिकायची. मी म्हणायचो, स्वर उतरलाय. ती म्हणायची, नाही सर. शेवटी सगळ्यांसमोर मी तिला सांगितलं, "बाई, दुसरं काहीतरी बघ. तुझ्या कानाचा काही उपयोग नाही." ती परत आली नाही. मी तिचं नाव यादीतून खोडलं होतं, तेही मोठ्या समाधानानं.

तिचा नंबर जुन्या वहीत सापडला. कानात नवं यंत्र होतं, त्यात माझाच श्वास खरखरत होता. ती आता दातांच्या दवाखान्यात काम करते. मी कोण ते सांगितलं, मग यंत्राचं सांगितलं.

तिनं विचारलं, "म्हणजे माझा स्वर बरोबर होता?"

"हो."

"नेहमी?"

"तेव्हा माझ्या कानावर विसंबून कोणालाच काही सांगता आलं नसतं," मी म्हणालो. "पण वर्गातले बाकीचे सगळे तुझ्याशी सहमत होते. म्हणजे होता."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.