माझं बूच परत करा

मी कयाक बोलतेय. होडी म्हणा, नाव म्हणा, माझी हरकत नाही. फक्त 'हे केशरी प्लास्टिकचं काय पडलंय?' असं म्हणू नका. काल एक बाई शेडमागे आल्या आणि नेमकं तेच म्हणाल्या. वर माझ्या अंगावर ओला टॉवेल वाळत घातला. माणसांची अक्कल किती, हे मला नव्याने कळायची गरज नव्हती. पण त्यांनी सांगून टाकलं.

मी शेडमागे पालथी पडून असते. पाऊस येतो, माझ्या पोटावरून वाहून जातो. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण तुम्ही एकमेकांना मारता, मी ती जगते आहे. आणि हे सगळं कशामुळे? एका बुचामुळे.

माझा जन्म कारखान्यातल्या भट्टीत झाला. साच्यात प्लास्टिकची पूड ओतली, साचा आगीत गरगर फिरवला आणि निवल्यावर मला उपसून बाहेर काढलं. आतून मी पूर्ण पोकळ. त्याची मला कधी लाज वाटली नाही, कारण पोकळ असूनही मी तरंगते. तुमच्यातले पोकळ नुसते वाजतात. या पोकळ अंगात थोडं पाणी झिरपतंच, ते काढायला माझ्या मागच्या टोकाशी एक भोक आहे आणि त्यावर आट्यांनी फिरवून बसवायचं एक काळं बूच. तळहातावर मावेल एवढंसं. ते जागेवर असलं तर मी होडी, नसलं तर मी बादली.

आधी मी एका तळ्याकाठच्या हॉटेलात होते. ते बंद पडलं आणि या बंदरातल्या सहलींच्या मालकाने मला उचलून आणलं. इथल्या बाकीच्या कयाक एका घडणीच्या, मी वेगळ्या घडणीची. त्यांची बुचं एकमेकींना बसायची, माझं फक्त मला. तेव्हा मला याचा भारी अभिमान वाटायचा.

रोज सकाळी आमची सहल निघायची. पुढे वाट दाखवायला जी मुलगी असायची, तिला सगळे शिट्टीताई म्हणत, कारण तिच्या गळ्यात शिट्टी आणि तोंडात तोफखाना. गोदामापाशी एक विनोद, जुन्या क्रेनपाशी दुसरा, दीपस्तंभापाशी तिसरा. रोज तेच विनोद, आणि लोक रोज नव्याने हसायचे. पण कामात ती चोख होती. लोक यायच्या आधी प्रत्येक कयाकचं बूच ती स्वतःच्या हाताने आवळायची आणि वर बोटाच्या पेराने टकटक करायची. ते काम तिने कधी दुसऱ्याला दिलं नाही.

आणि गिऱ्हाइकं! पहाटे उठल्याचा पराक्रम तासभर ऐकवणारी, पाण्यावर आल्यावर पाणी सोडून फोनकडे बघणारी. एकाने तर बंदरातून स्वतःच्या घराची खिडकी शोधण्यात अख्खी सहल घालवली. घरात बसून बंदर बघायचं, आणि बंदरात येऊन घर बघायचं!

माझ्यात दोन जण बसतात, एकामागे एक. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने दिशा सांभाळायची. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही. ज्यांना समोरासमोर बसून धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत, त्यांना माझ्यात बसवावं. निम्मी बोलती होतात, उरलेली भांडतात.

हीच युक्ती एका मुलीला सुचली. दातांची डॉक्टर होती. तिला एका बेकरीवाल्याशी लग्न करायचं होतं, आणि तिचा बाप हो म्हणत नव्हता. बाप ड्रायव्हिंग शिकवायचा. शिकाऊ माणसाशेजारी बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून त्याने जन्म काढला होता. असा माणूस जगात कुणालाच गाडी चालवता येत नाही अशा समजुतीने म्हातारा होतो. हे मास्तर तर नाकाने कांदे सोलणारे. "पीठ मळणारा जावई?" एवढंच त्यांचं म्हणणं. मुलीने ठरवलं, दोघांना एका कयाकमध्ये घालायचं आणि आपण एकटीच्या कयाकमधून पुढे निघून जायचं. परत येईपर्यंत काय ते ठरेल.

"पोहता येतं ना?" शिट्टीताईने विचारलं.

"म्हणजे काय!" मास्तर म्हणाले. खोटं. ते मला नंतर चांगलंच कळलं.

"हो, येतं की," बेकरीवाला म्हणाला. तेही खोटं, पण सासऱ्याने हो म्हटल्यावर होणाऱ्या जावयाने नाही कसं म्हणायचं?

मग बेकरीवाला वल्ही आणायला गेला आणि मुलगी केस बांधू लागली. मास्तर माझ्याभोवती फिरायला लागले. गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारायची, चाकाला लाथ घालायची, बॉनेट उघडून तेल बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. मला लाथ घातली. बॉनेट शोधलं, मिळेना. सगळ्या अंगावर उघडण्यासारखं एकच होतं. त्यांनी ते फिरवून काढलं, भोकाला डोळा लावून आत पाहिलं आणि "हं" म्हणाले. काय कळलं देव जाणे, आत काळोख सोडून काही नाही.

तेवढ्यात शिट्टीताई ओरडली, "काका, लाइफ जॅकेट घाला आधी!"

मास्तरांनी माझं बूच स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकलं, वरून लाइफ जॅकेट चढवलं आणि ऐटीत माझ्या पुढच्या जागेवर येऊन बसले. मी ओरडले असते, पण मला तोंड नाही. होतं ते भोक त्यांनी उघडं टाकलेलं.

निघालो. मुलगी आणि शिट्टीताई पुढे. मास्तरांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि शिकवणी सुरू केली. "डावीकडे घे. एवढं नको. आरसा बघ." आरसा! माझ्यावर! बेकरीवाला बिचारा मागून एकटा वल्हवत होता. रोज मणभर पीठ मळणारे हात ते, कुणालाही ओढून नेतील. पण माझ्या पोटात पाणी शिरत होतं. वर बसलेल्यांना ते दिसत नाही, नुसतं जडपण जाणवतं. गोदाम गेलं, तेव्हा मी जड झाले होते. क्रेनपाशी आलो, तेव्हा माझं मागचं टोक पाण्याशी टेकलं होतं.

"वल्हवतोयस का झोपलायस?" मास्तर म्हणाले.

"वल्हवतोय काका. पण ही पुढे जातच नाहीये."

"नाचता येईना…" मास्तर म्हणाले आणि पुढचं त्याला समजून घ्यायला सोडून दिलं.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "काका, एक सांगू? मला पोहता येत नाही. मघाशी मी खोटं बोललो."

मास्तर म्हणाले, "तीस वर्षं शिकवतोय. जो 'येतं, येतं' म्हणतो ना, तोच भिंतीत घालतो." स्वतः काय म्हणाले होते, त्याचा पत्ताच नाही. एवढं बोलून त्यांनी कपाळाचा घाम पुसायला लाइफ जॅकेटखाली हात घालून खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर माझं बूच बाहेर आलं.

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मानेपर्यंत लाल झाले. मग ते हळूच पुन्हा खिशात गेलं. मागे वळून बघायची त्यांची छाती झाली नाही, म्हणून त्यांना वाटलं कुणी पाहिलं नाही. पण माझ्यात मागच्याला सगळं दिसतं. बेकरीवाल्याचं वल्हं हवेतच थांबलं होतं.

बोलला का तो? नाही. त्याच वेळी माझं मागचं टोक बुडलं आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. शिट्टीताई शिट्ट्या मारत मागे फिरली. एका नजरेत तिला कळलं. "मागच्याने खाली उतरा! माझ्या कयाकला धरा! दोघं बसलात तर पलटी होईल!"

ज्याला पोहता येत नाही, तो उतरला. काठापासून एवढ्या लांब, हिरव्या काळ्या पाण्यात. "काका, तुम्ही बसून राहा," असं म्हणून उतरला. आणि मास्तर बसून राहिले, खिशावर हात ठेवून. त्या वेळी मला त्यांची इतकी किळस आली, की पलटी खाण्याचा मोह मी कसाबसा आवरला.

धक्क्यावर मालक उभा होता. मला वर ओढून उलटी केली तर भोकातून बदाबदा पाणी. मालकाचा पारा चढला. "बूच न लावता होडी सोडलीस? माणसं मारायचीत का? उद्यापासून येऊ नकोस!"

"मी लावलं होतं!" शिट्टीताई रडकुंडीला आली. "स्वतःच्या हाताने लावलं होतं मी!"

मी मास्तरांकडे बघत होते. बेकरीवालाही बघत होता, ओठ निळे पडलेले, अंगातून पाणी गळतंय. एक शब्द पुरे होता. मास्तर मूग गिळून उभे. लेकीने पाठीवर टॉवेल टाकला, तो त्यांनी घट्ट लपेटून घेतला, खिसा झाकेल असा.

मग बेकरीवाला म्हणाला, "तिची काही चूक नाही. मीच काढलं होतं. बघत होतो कसं असतं ते. हातातून पाण्यात पडलं."

मुलगी त्याच्यावर काय तुटून पडली! "माझे बाबा बसले होते त्यात! अक्कल गहाण टाकलीस का?" शिट्टीताईची नोकरी वाचली, पण तिनेही त्याच्याकडे तुच्छतेने पाहून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर टॉवेल गुंडाळून उभा.

परत निघताना मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक कबूल करतो, म्हणजे माणूस बरा आहे." आणि लग्नाला हो म्हणाले. मुलीला वाटलं, बाबांचं मन किती मोठं! तुम्हालाही वाटलं असतं. मला विचाराल तर त्यांना जावई नकोच होता. तोंड बंद ठेवणारा माणूस हवा होता, तो मिळाला.

मालकाने मला दुसऱ्या कयाकची बुचं लावून पाहिली. आटे जुळेनात. चिंध्या कोंबल्या, चिकटपट्टी लावली, रबर बसवलं. सगळीकडून पाणी. मग मला शेडमागे पालथी टाकली आणि विसरून गेले.

ते तिघं मात्र दर उन्हाळ्यात यायचे. नवरा-बायको सहलीला जायचे, मास्तर शेडजवळच्या बाकावर बसायचे आणि शेजारी येईल त्याला गोष्ट सांगायचे. "आमच्या जावयाने एकदा बूचच काढलं होतं!" सगळे हसायचे. मुलगी नवऱ्याला म्हणायची, "तू कशाला हात लावू नकोस, बूच काढशील." घरचा नळ गळला तरी खापर त्याच्यावर, असं तीच हसत हसत शिट्टीताईला सांगत होती. तोही हसायचा. त्या हसण्याने मला जो राग यायचा, तो मास्तरांच्या थापांनीही कधी आला नाही. अरे, एकदा तरी बोल!

एकदा मात्र मास्तर बाकावर एकटेच होते. तोच जुना कोट. त्यांनी खिशातून माझं बूच काढलं, बोटांमध्ये फिरवलं. समोर पाणी होतं, फेकून दिलं असतं तर विषय संपला असता. उठून दोन पावलं माझ्याकडे आले असते, तरी संपला असता. दोन्ही केलं नाही. परत खिशात घातलं. इतकी वर्षं ते का जपलं, हे मला आजही कळलेलं नाही.

मास्तर गेल्या थंडीत वारले. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तो नियम माणसांसाठी आहे, मी कयाक आहे.

आज सकाळी मुलगी एकटी आली. हातावर तो कोट होता, कुणाला देऊन टाकायला बाहेर काढलेला असणार. तिच्या मुठीत माझं बूच. ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि भोकात ते धरून फिरवलं. गपकन बसलं. किती वर्षांनी! माझं सगळं अंग सुखावलं, खोटं कशाला बोलू?

तिने ते पुन्हा सैल केलं, पुन्हा आवळलं. खात्री करून घेत होती. दुसऱ्या कुठल्याही कयाकचं बूच असतं तर बसलं नसतं, हे तिला मालकाकडून तेव्हाच कळलेलं. मग माझ्यावर डोकं टेकून ती रडली. बापासाठी की नवऱ्यासाठी, सांगता येणार नाही. मला वाटतं, स्वतःच्या सगळ्या थट्टा तिला एकदम ऐकू आल्या असतील.

मग तिने फोन लावला. "बेकरीत आहेस? … काही नाही रे. घरी थांब, मी येतेय. … नाही, फोनवर नाही सांगणार. … तू नुसता थांब."

डोळे पुसून ती उठली, दोन पावलं गेली, परत आली. माझं बूच फिरवून काढलं, बापाच्या कोटाच्या त्याच खिशात टाकलं आणि भराभर चालू लागली. खाण तशी माती!

जा बाई. आज मी तुला अडवत नाही, आज ते माझ्यापेक्षा त्याला जास्त हवं आहे. त्याच्या हातावर ठेवशील तेव्हा नुसती रडत बसू नकोस, 'आमचं चुकलं' एवढं तोंडाने म्हण. तुझ्या बापाला तेवढंच जमलं नाही. आणि ते म्हणून झालं, की माझं बूच परत आणून दे.